फ्रीजखालचा दगड

ताईला नमस्कार,

गुडघा बरा आहे, आईला तेवढंच सांग. जिना हळू चढते हे सांगू नकोस.

इथे इंग्लंडात दर मे महिन्यात आमचं सारं गाव, हद्द विसरू नये म्हणून, काठ्या घेऊन शीव फिरतं आणि शिवेच्या प्रत्येक दगडावर काठी मारतं. यंदा ओढ्याजवळचा दगडच नाही. लंडनहून आलेल्या क्रॉसलीने तिथवर स्वयंपाकघर वाढवलंय. म्हणाला, "इथे कधी दगड नव्हताच."

म्हटलं, "होता. मी लग्न होऊन आले त्या वर्षी, जागा लक्षात राहावी म्हणून या लोकांनी मला उचलून त्यावर आपटलं होतं. तुमच्या फ्रीजखाली आहे."

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"दगडाच्या अलीकडची."

म्हातारी विनिफ्रेड त्याला म्हणाली, "सरक बाबा, वाटेत उभा आहेस," आणि आत शिरली. मागून आम्ही बावीस जण, चिखलाच्या बुटांनिशी, ओट्याला वळसा घालून मागच्या दाराने बाहेर पडलो. फ्रीजवर काठी मीच मारली. पोचा आला असेल, मी वळून पाहिलं नाही.

काका अजून आपल्या शेताचा बांध कोरतात का? खरं काय ते कळव. काठी ठेवून दिलीय.

तुझी धाकटी,
नलू