फ्लेक्सवरची नऊ वर्षांची तनू

मंगळवार, संध्याकाळ

आणि वर माझ्यावरच डोळे वटारतो! सख्खा भाऊ माझा, सुरेश. त्याच्या पोरीला, तनूला, बारा पूर्ण झाली, तरी चौकातल्या फ्लेक्सवर बापानं लिहिलंय, "नऊ वर्षांची रेगे क्वीन". तीन वर्षं झाली, नऊच. तिचा धाकटा भाऊ दहाचा झाला. मग तो काय आता तिचा दादा?

पहिल्यांदा गायली तेव्हा खरंच नऊची होती. कुठल्या परदेशातलं ते रेगे गाणं, शब्द एक कळेना, पण अख्खं नाशिकरोड नाचलं. आता आवाज भरदार व्हायला लागला, तर हा म्हणतो बारीक आवाज काढ. दोन वेण्या, फुग्यांच्या बाह्यांचा फ्रॉक.

आज पोरगी माझ्याकडे येऊन रडली. "आत्या, मला पाळी आली. पप्पांना सांगू नको, चिडतील." पोरगी वाढली म्हणून चिडणारा बाप! थू!

तशीच उठून सुरेशकडे गेले. पाळीचं नाही काढलं मी. नुसतं वय विचारलं. तर म्हणे, "ताई, मोठ्या पोरी ढिगानं गातात. चौथी पास तू, तुला काय कळतं?" नऊनंतर दहा येतात, एवढं चौथीतही शिकवतात.

शनिवारी पुन्हा कार्यक्रम आहे. तोंडावर सांगून आले, शुक्रवारपर्यंत बोल. फ्लेक्सवर बारा लिहितोस, का पोरीला मी माझ्या घरी आणू?