गाऱ्हाण्यातून राहिलेलं नाव

शनिवार, संध्याकाळ. जामसंडे

आज गाऱ्हाणं घालायलाच नको होतं. पण मुलगा विनू उद्या पलटणीत परत चाललाय, आणि सुट्टी संपवून निघताना देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही आमच्या घरची रीत.

पस्तिशीचा धडधाकट गडी. घटस्फोट झाल्यापासून झोप नाही, रक्तदाब चढलेला. फौजेच्या डॉक्टरांनी मेडिकल कॅटेगरी खाली आणली, आता बर्फातली ड्युटी बंद. देवघराच्या फळीवरचं ते गोळ्यांचं पाकीट दिसलं की मी चिडतो. कुणावर, कोण जाणे. घटस्फोटावर डॉक्टर तरी काय गोळी देणार?

दरवेळी मी ‘माझ्या झिलाक आणि सून तन्वीक सुखी ठेव’ म्हणायचो. आज जीभ सांभाळून म्हटलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाक झोप दी, तेचा बीपी खाली येवंदे." हिने आणि शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. विनू मात्र हळूच म्हणाला, "बाबा, तिचा नाव रवला."

मी त्या पाकिटाकडेच बघत राहिलो. पोरासाठी सगळं मागितलं आणि त्याला हवं होतं तेवढंच वगळलं? म्हणजे अजूनही तो तिला… मला कसं कळलं नाही?

पुन्हा हात जोडले. "तन्वी जंय आसात थंय तिका सुखी ठेव, म्हाराजा."

बाकीचे अवघडून खाली बघत बसले. ‘व्हय म्हाराजा’ विनू एकटाच म्हणाला, परेडवर हुकूम द्यावा तसा, खणखणीत.