भद्रावतीले गाडी पाहाले गेलो

चंद्रपूर, जून १९८४

चि. खुशालले रामाजीमामाचा जयभीम. मुलचेऱ्याले दवाखाना बरा चालत असन, तुया खोकला कमी झाला असन. (डॉक्टरच खोकलून राह्यला तर पेशंट काय म्हणन?) इथी आम्ही धडधाकट आहो, फक्त मले तोंड दाखवाले जागा नाई. काऊन, ते लिहितो. रागावू नको.

तू लिहिलं होतं का मामा, रानातल्या पेशंटपर्यंत पोचाले गाडी पाहिजे, कोणत्या कंपनीची धोका देत नाई ते पाहून ठेवा. मी पहिले वरोऱ्याच्या एका शेठले विचारलं. त्याच्यापाशी ती जाडी गाडी आहे. तो म्हणे, अशी गाडी होणे नाई. (हे सांगताना चौघं जण तीच गाडी ढकलून राह्यले होते!) तवा समजलं का आपल्या गाडीले कोणी वाईट म्हणत नाई. मग भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत बापूरावची लहान गाडी विकाची आहे असं ऐकलं, तर मी हुशारी केली. सरळ त्यायच्याकडे गेलोच नाई, शेजारच्या धुरपताबाईकडे जाऊन बसलो. गाडीचं नाव काढलं का भाव चढते, म्हणून नुसतंच विचारलं: माणसं कशी आहेत, चीजवस्तू जपतात का, घरात आदळआपट तर नाई?

आता शेजाऱ्याच्या घरी बसून अशी चौकशी आपल्याकडे कशासाठी करतात, हे केस पांढरे झाले तरी मले सुचलं नाई. चहा पिऊन बापूरावकडे पोचेपर्यंत खबर मागच्या दारानं पोचली होती. पोहे, चिवडा, बापूरावच्या बाईनं नवं लुगडं नेसलेलं. मले वाटलं, गिऱ्हाईकाची खातिरदारी आहे. मुलगा काय करते म्हणून विचारलं, तर मी समजलो का गाडी कोणाच्या हातात जाईन ते पाहून राह्यले. मग काय, तुयी तारीफ सुरू केली, सुपारीचंही व्यसन नाई इथपासून. तेवढ्यात त्यायची पोरगी कांता (शाळेत शिकवते) साडी नेसून समोर येऊन बसली. तवा डोक्यात उजेड पडला का हे मले पोरगी पाहाले आलेला समजून राह्यले. तिथीच खरं सांगून टाकाचं, ते सोडून मी भित्र्यानं तिले शिक्षण विचारलं! लाज वाटते रे, लय लाज वाटते.

निघालो तं फाटकापर्यंत कांताच पोचवाले आली. हळूच म्हणे, "तुम्ही गाडीसाठी आले ना मामाजी? तुमचं ध्यान सारखं अंगणातल्या गाडीच्या टायराकडे होतं." मी कबूल केलं. म्हणे, "घेऊ नका. पावसाळ्यात सुरूच होत नाई. बाबाले माह्यं नाव नका सांगू. आन् घरी जाऊन नकाराचं कार्ड टाकून द्या, आम्हाले सवय आहे." हे हसून म्हणे. खुशाल, मले येष्टीत बसल्यावर रडू आलं.

तुया मामा,
रामाजी

ता. क. : कंपनीचं काही ठरलं नाई. तूर्त तू येष्टीनंच फिर.

ता. क. : त्याच येष्टीनं रविवारी भद्रावतीले ये. जबरदस्ती नाई. नकाराचं कार्ड लिहाले बसलो होतो, हात चालत नाई. तिच्या मायले अजून माहीत नाई का मी गाडी पाहाले आलो होतो. तू आला, तर तिले ते माहीत पडाचं कामच नाई.