सातव्या फर्म्यात मेलेला माणूस

३ जून, सोमवार
आणि वर ती चष्मिस पोरगी मलाच विचारते, मावशी, बारीक नंबर दिसतात ना तुम्हाला? मला! बावीस वर्षं या बाइंडिंगच्या टेबलाशी उभी आहे मी. कागदाची घडी घातली की सोळा पानांचा फर्मा, फर्म्याच्या पायाशी बारीक नंबर, नंबराने रचले की पुस्तक. हे त्या चष्मिसला शिकवलं कोणी? मी. आली तेव्हा तिला घडी कुठून घालायची हेही कळत नव्हतं.
आमची मुकादमीण गुडघ्यांपायी घरी बसली. तिची जागा मला की चष्मिसला, मालक सांगत नाहीत. म्हणे आधी हे नवं काम बिनचूक काढा, मग बघू. कादंबरी आहे. कुणा बाईची पहिलीच. प्रेम आणि खून, दोन्ही एकातच. शी.
निश्चय: कामावर एक अक्षर वाचायचं नाही. वाचणाऱ्या बायकांचे हात चालत नाहीत.

४ जून
फर्मे छापखान्याच्या लहरीने येतात. आज आधी सातवा आला. वाचला नाही. घडी बसली का ते बघताना डोळ्यांत गेला. नदीकाठी घड्याळजीचं प्रेत, अंगावर त्याचा तपकिरी कोट, नर्स ऊर बडवून घेते. बरं झालं. मेला, सुटलो.

५ जून
सुटलो कसले! आज चौथा. म्हणजे मरायच्या आधीचं. घड्याळजी नर्सच्या केसांचा वास घेतो. दीड पान! दिवसभर दवाखान्यात राबलेल्या बाईच्या केसांना फिनेलचा वास येणार, दुसरं काय? ओकारी आली.
डबा खाताना कटिंग मशीनवाला म्हणाला, मावशी, गोष्ट कशी आहे? म्हटलं, घाण. किती घाण ते कळावं म्हणून वाचून दाखवली. सगळ्या घोळका करून बसल्या. दुपारी काम निम्मंच झालं. चष्मिसचे हात फार हळू आहेत.

६ जून
दाढ दुखते. रजा. घड्याळजीचा विचार अजिबात केला नाही. जावेला एवढंच म्हटलं की त्याला नर्सच्या भावानेच मारलं असणार. जाऊ घाबरून म्हणाली, अगं बाई, कुठे? आपल्या गल्लीत?

७ जून
माझ्या रजेत आठवा आला आणि चष्मिसने घड्या घालून उरकूनही टाकला. सकाळी डोळे पुसत जवळ आली, मावशी, आठव्यात ना... म्हटलं, तोंड बंद. मी इथे कामाला येते, गोष्टी ऐकायला नाही.
मग नववा उघडला. नवव्यात घड्याळजी खिडकीत बसून चहा पितोय! मेलेला माणूस! नर्स विचारते, साखर किती घालू? लाज नाही. मढ्याला साखर विचारते.

८ जून, शनिवार
उलगडा झाला. छापखान्याने नंबर उलटे टाकले. नववा आहे तो खरा सातवा, आणि सातवा तो खरा नववा. आधी चहा, मग प्रेत. गेल्या वर्षी गणिताच्या पुस्तकात त्यांनी हाच घोळ घातला होता, तो पकडला कोणी? मी.
चष्मिस म्हणाली, मावशी, निदान पानांचे आकडे तरी बघा. अगं, जो माणूस फर्म्याचा नंबर चुकतो तो पानांचे काय बरोबर टाकणार आहे? मध्ये एक वाक्य तुटतं, मान्य. पण त्या बाईची वाक्यं पुस्तकभर तशीच आहेत.
पाचशे प्रती मी स्वतः रचल्या. चष्मिसला हात लावू दिला नाही. मालकांना बोलले नाही. कळेल तेव्हा आपणहून येतील.

१० जून
शिलाई झाली. खळ लागली, कव्हरं चढली. टेबलाच्या डोक्याशी, मुकादमिणीच्या जागी, जरा उभी राहून पाहिलं. तिथून सगळ्या दिसतात. कोण काम करतं, कोण जांभया देतं. मला शोभतं तिथे.

१२ जून
लेखिकाबाई पुस्तक बघायला आली. काडीसारखी. इतकं खून-बिन लिहिणारी, वाटलं होतं धिप्पाड असेल. पुस्तक उघडून चाळलं आणि मटकन खाली बसली. शहाण्णवाव्या पानानंतर एकशे एकोणतिसावं. मालक धावत आले, कुणी केलं हे? कटिंगवाला मेला दात काढून म्हणतो, मावशींनी गोष्ट सुधारून दिली.
मी घाबरले नाही. लेखिकाबाईला तोंडावर विचारलं, मेलेला माणूस चहा कसा पितो? ती रडत रडत म्हणाली, मावशी, तो मेलाच नव्हता हो. आठव्यात आहे सगळं.
आता आठवा चष्मिसने उरकला त्याला मी काय करू?

१४ जून
पाचशे पुस्तकं उसवायची. माझ्या एकटीच्या गळ्यात. पाठी फाडायच्या, दोरे कापायचे, सातवा सातव्या जागी.
आठवा मांडीवरच होता म्हणून बघितला. कोट घड्याळजीने काठावर कुडकुडणाऱ्या एका भिकाऱ्याला दिलेला. नर्स प्रेताच्या तोंडावरची चादर काढते, बघते, आणि हसायलाच लागते. रडायचं सोडून हसते. मग स्वतःचीच लाज वाटून तिथेच त्या परक्या म्हाताऱ्याचे पाय पुसते.
खळीचा वास फार उग्र असतो. डोळ्यांत पाणी येतं.

१७ जून
पुस्तक घाण आहे, यात बदल नाही. केसांच्या वासाचं दीड पान तर फाडून टाकावं. पण जावेला म्हटलं, विकत घे. दाढेच्या डॉक्टरणीला म्हटलं, घे. समोरच्या शिवणवालीला म्हटलं, नाही आवडलं तर माझ्या तोंडावर फेक. अजून कुणी फेकलेलं नाही.

१८ जून, मंगळवार
टेबल चष्मिसला दिलं. मला मागच्या खोलीत टाकलंय, पुठ्ठे कापायला. कोऱ्या पुठ्ठ्यावर एक अक्षर नसतं.
चष्मिस सांगत होती, लेखिकाबाईने दुसरी कादंबरी लिहिलीय आणि ती आमच्याकडेच येणार. त्यात म्हणे लग्नाच्या दिवशीच नवरा गायब. शी.
मालकांना द्यायची चिठ्ठी इथे आधी कच्ची लिहिते. मालक, मुकादमकी नको. टेबलाच्या शेवटच्या टोकाला उभी राहीन, चष्मिसच्या हाताखाली. नुसती घडी घालीन, रचायला हात लावणार नाही. तिला बाई म्हणेन. पण नव्या कादंबरीचे फर्मे यायच्या आत मला पुठ्ठ्यातून काढा. हो की नाही, ते शुक्रवारपर्यंत सांगा.