ओंजळभर पावडर

४ मार्च, सोमवार

पुन्हा! ऑफिसातून दमून आले, दार उघडलं तर फेस पार बाथरूमच्या बाहेर. मशीन अर्ध्यातच बंद, काचेआड गढूळ पाणी आणि त्यात बुडालेली माझी निळी चादर. पाणी सोडायचं नाव नाही. बाबा स्टुलावर बसलेले — हातात फडकं, चेहऱ्यावर ‘मी काही केलं नाही’.

मशीनचं खालचं छोटं झाकण उघडलं, परात लावली, फिल्टर फिरवला. परात भरली, ओतली, परत भरली. कंबर मोडली. शेवटी फिल्टरमधून निघालं काय? एक बटण आणि केसांचा पुंजका. एवढ्यासाठी एवढं रामायण!

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. “आमच्या छतातून थेंब पडतायत हो. आता तरी बघा काहीतरी.” मान खाली घालून ऐकून घेतलं.

५ मार्च, मंगळवार

फिल्टर लख्ख केला तरी तेच. मशीनला मनसोक्त शिव्या दिल्या. मला बरं वाटलं, पाणी होतं तिथेच.

६ मार्च, बुधवार

मेकॅनिक आला. “पंप गेलाय, ताई.” नवा बसवला. जाता जाता म्हणाला, “पावडर जरा बेताने टाका.” झालं! बाबा उसळले. “आयुष्यभर लाँड्री चालवली मी! तू मला साबण शिकवणार?” तो बिचारा चपला घालून सटकला.

खरंच आहे म्हणा. बाबांच्या लाँड्रीत धुतलेल्या प्रत्येक शर्टाची कॉलर ते स्वतः हुंगायचे. मनाला आली नाही की शर्ट परत हौदात. आई कितीही करवादली तरी! घरातलं दूध नासायच्या आधी त्यांना कळायचं. अजूनही माझा एकेक कपडा त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय दोरीवर चढत नाही.

आई गेल्यावर ते माझ्याकडे आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिले. जेवा म्हटलं की जेवायचे, बस. मला भीती वाटायला लागली होती. मग एके सकाळी आपणहून उठले आणि माझे कपडे मशीनला लावले. तेव्हापासून माणसात आले. म्हणून हे मशीन चालायला हवं. चालायलाच हवं!

९ मार्च, शनिवार

नवा पंप, जुनाच फेस. डोकं फिरलं. सुट्टी होती, मशीनसमोर ठिय्या मारला. बाहेरचा पाइप काढून पाहिला — मोकळा. मग सुचलं — कपडे नाहीत, पावडर नाही, नुसत्या पाण्यावर लावून बघू. काचेआड फेसच फेस! म्हणजे जुना साबण पोटात साठलाय. पंप पाणी ओढेल, फेस कसा ओढणार? म्हणून सगळं अडतं आणि पावडरच्या खणातून वर येतं.

पावडरचा डबा उघडला. गेल्या रविवारी काठोकाठ भरला होता. तळ दिसत होता.

“बाबा, मापाचा चमचा कुठंय?”

“चमच्याने काय होतंय? ओंजळभर तरी लागते. हल्लीची पावडर म्हणजे निव्वळ माती! कपड्याला स्वच्छ वास म्हणून येत नाही.”

माझा आवाज चढला. पंप, मेकॅनिक, खालच्या बाई — सगळं त्यांच्यावर काढलं. “यापुढे मशीनला हात लावायचा नाही!” लहान मुलाला दटावतात तसं दटावलं. उलटून बोलले असते तर बरं झालं असतं. उठले आणि खुर्चीत जाऊन बसले.

१० मार्च, रविवार

मशीन नुसत्या पाण्यावर फिरवत राहिले, तेव्हा कुठे फेस संपला. पाणी सुरळीत गेलं. खालच्या बाई खूश. बाबा खुर्चीत. “भूक नाही.” दुपारी दादाला फोन लावून म्हणाले, “मला घेऊन जा. इथं माझं काही काम नाही.” दादाकडचे कपडे बाहेर धुवायला जातात. तिथे तर नुसती खुर्चीच. रडूच आलं मला.

११ मार्च, सोमवार

अबोला. मशीन मात्र शहाण्यासारखं चालतंय. त्याचाच राग येतो!

१२ मार्च, मंगळवार

जिन्यातच गॅसचा वास. धावत वर गेले. माझ्या चहासाठी बाबांनी दूध ठेवलेलं, ते उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस तसाच सुरू. आणि बाबा तिथेच, शेगडीकडे पाठ करून, मी धुतलेल्या शर्टाची कॉलर नाकाशी धरून उभे!

गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. “बाबा, एवढा वास सुटलाय!”

“कसला वास?”

मी हळूच विचारलं, “कधीपासून, बाबा?”

त्यांना वाटलं, मी साबणाचं विचारतेय. कॉलर पुन्हा नाकाशी नेली. “तुझी आई गेली ना, तेव्हापासूनच वाईट यायला लागलाय गं साबण.”