जव अजून हिरवा

२६ फेब्रुवारी

झाकीला घरी आणलं. डॉक्टरीणबाईंनी दारात मला बाजूला घेऊन सांगितलं — तीन आठवडे, फार तर चार. आवाज अगदी खाली आणून. झाकीची फुप्फुसं गेली आहेत, कान नाही गेले. त्याने सगळं ऐकलं असणार.

गाडीत तो एवढंच म्हणाला, "जव कुठवर आलाय?"

बाहेरच्या खोलीत पलंग लावला. वालासारख्या दाण्यांचं फूल शिजवलं, लिंबू पिळून दोन चमचे भरवलं. काही वाटलं नाही. रडूही आलं नाही.

२८ फेब्रुवारी

एकदा स्पष्ट लिहून ठेवते, नाहीतर दिवसभर डोक्यात तेच फिरतं.

नवा चंद्र १० मार्चच्या संध्याकाळी दिसायला हवा. तोवर दक्षिणेकडे जव पिकायला लागला असेल तर तो चंद्र वर्षाच्या पहिल्या महिन्याचा, आणि वल्हांडण, आमचा बिनखमिराची रोटी आणि कडू भाजी खायचा सण, २४ मार्चला. पिकला नसेल तर अधिक महिना, आणि वल्हांडण एकदम एप्रिल संपता संपता.

झाकीला मार्च गाठता येईल. एप्रिल नाही.

शेवटचा वल्हांडण आपल्या मेजाशी व्हावा, एवढंच त्याला हवं आहे. तोंडाने म्हणत नाही. पण काल लेकीला, तिर्झाला, फोनवर रोटीसाठी धणे आणायला सांगत होता.

१ मार्च

ऑक्सिजनचं यंत्र आलं. फ्रीजसारखं घुरघुरतं.

४ मार्च

लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचा योना भेटला. त्याचं कॅलेंडर बँकेतून छापून येतं, पुढच्या वर्षीचे सणसुद्धा त्यात असतात. रब्बींना मानणाऱ्यांचं बरं असतं. आम्हा कराई ज्यूंना, चंद्र आणि जव डोळ्यांनी बघून सण ठरवणाऱ्यांना, तो दरवर्षी एकच विचारतो, "काय, गवताला विचारलं का यंदा सण कधी?"

मी म्हटलं, "गवताचा फोन लागत नाहीये."

वर येऊन झाकीला सांगितलं तर तो हसला. मग खोकला. हसणं थोडं, खोकला बराच वेळ.

तिर्झाचा हैफाहून फोन. "आई, बाबांच्या जागी जव बघायला तूच जाणार ना? मग पिकलाय म्हण की!" म्हटलं, असं नसतं ग. "मग घरातल्या घरात करून टाकू. बाबांना काय कळणार?"

बाबांना! तीसएक वर्षं लोकांनी ज्याच्या शब्दावर सण केले त्या माणसाला. तो आधी ओंबी मागेल. दाणा नखाखाली दाबून बघेल आणि तिलाच रोटी परत डब्यात ठेवायला लावेल. हे मी तिला सांगितलं नाही. बरं, बघू, म्हटलं.

९ मार्च

सकाळीच निघालो. फराग भावजींची गाडी, अश्दोदच्या आमच्या लोकांपैकी दोघेजण मागे. मी पुढे, झाकीच्या जागी. बेरशेबाच्या अलीकडे भावजींनी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

पहिली दोन शेतं सरळच हिरवी. दाणा चिकात, दाबला की दुधासारखं पाणी. रस्त्याकडेचा रानजव पुढे गेलेला, पण तुरळक. त्याच्यावर कोणी वर्ष ठरवत नाही.

मग सल्लामचं शेत. इथल्या बेदुइनांपैकी हाच दरवर्षी लवकर पेरतो. उतारावरचा पट्टा पिवळट दिसत होता. लांबून तर चक्क पिवळा. भावजी गाडीतून उतरले आणि थांबले. तोंडावरून हात फिरवला.

"वहिनी," ते म्हणाले, "हे बघा तरी."

बघितलं. ओंब्या तोडल्या, वरच्या, खालच्या, बांधाजवळच्या. सल्लामच्या चुलीवर पत्र्याच्या झाकणात दाणे भाजले. चांगला हुरडा झाला तर जव आला म्हणायचं; करपून नुसतं फोलपट राहिलं तर नाही. काही दाणे टपोरे राहिले. काही आक्रसून गेले. अर्धे-अर्धे म्हणावेत असे. मी पुन्हा भाजले. पुन्हा तसंच.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. अश्दोदवाल्यांपैकी एक झाकणाकडे बघतच नव्हता. त्याला दाण्यांशी कर्तव्य नव्हतं, त्याला झाकी माहीत होता. मी होकाराची मान हलवली असती तर तिघांनीही हलवली असती, आणि गावोगावच्या आमच्या लोकांनी २४ मार्चला कडू भाजी चिरली असती. कोणीही मला खोटं म्हणालं नसतं.

मला तो पिवळा हवा होता. इतका हवा होता की माझा मलाच भरवसा वाटेना. माझ्या डोळ्यांना आज जे पिवळं दिसतंय त्यातलं शेताचं किती आणि माझं किती? म्हणून मी उलट्या बाजूने तोललं. शंका आली तो प्रत्येक दाणा हिरव्यात टाकला.

"हिरवा आहे," मी म्हटलं.

भावजींनी झाकण हातात घेतलं, बराच वेळ हलवलं. "वहिनी, दादा असता तर—"

"दादा नाहीये इथे."

सल्लाम चहा घेऊन आला. तो झाकीची सारखी चौकशी करत होता. "तिर्झाच्या आई, त्यांना म्हणावं, त्यांच्याशिवाय माझ्या शेतात कोणी मला शिव्या देत नाही." मी हसले असेन. पीक कधी काढणार, हे मी त्याला विचारलंच नाही. झाकी आधी तेच विचारायचा, ओंबीला हात लावायच्याही आधी. सणाच्या आठवड्यात विळा घालता येणार असेल तर आज थोडा हिरवा चालतो. हे मला माहीत आहे. परतीच्या रस्त्यावर, अर्ध्या वाटेत आठवलं. गाडी वळवा म्हटलं नाही.

घरी आले तेव्हा झाकी जागा होता. हिरवा, म्हटलं. त्याने ओंबी मागितली नाही. मी आणलीही नव्हती.

"तू बघितलास ना?"

"हो."

"मग हिरवा," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

१० मार्च

चंद्र दिसला. अधिक महिना. भावजी सगळ्यांना कळवत होते — अश्दोद, बेरशेबा, कॅलिफोर्नियातली आपली माणसं. माझ्या समोर बसूनच फोन केले. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

१३ मार्च

तिर्झाने फोन ठेवून दिला. त्याआधी म्हणाली, "एवढं खरं कोणासाठी बोलतेस ग आई?"

मोलोखियाची पालेभाजी केली. कोणी खाल्ली नाही.

१९ मार्च

गरम वारा सुटलाय. खिडक्या बंद. यंत्र घुरघुरतं.

२४ मार्च

पूर्ण चंद्र. जिन्यात लोक येत-जात होते, कोणाच्याच घरी वल्हांडण नव्हता. मी झाकीची चादर बदलली. त्याने विचारलं, आज तारीख काय. चोवीस, म्हटलं. बरं, म्हणाला.

२९ मार्च

दुपारी सल्लाम आला. न सांगता, झाकीला बघायला, एवढ्या लांबून दोन बस बदलून. फडक्यात गुंडाळलेली जवाची भाकरी. बायकोने पहाटे भाजली म्हणाला.

"नवीन पीक," तो म्हणाला. "चार दिवसांपूर्वीच काढलं. त्या वाऱ्याने एकदम आणलं. यंदा दाणा कसला भरलाय म्हणता!"

मी किटली ठेवायला आत गेले. ओट्याशी उभी राहिले. पाणी उकळलं, पार आटत आलं तेव्हा लक्षात आलं.

चार दिवसांपूर्वी. म्हणजे बरोबर तेव्हा. सणाच्या आठवड्यात विळा बसला. शेत पिकलेलं होतं. मीच त्याला मागे ढकललं. झाकीचा वल्हांडण येऊन गेला आणि आम्ही चादर बदलली.

बाहेर आले तर झाकीने भाकरी हातात धरली होती. वास घेत होता. सल्लाम म्हणाला, खा ना हो, तुमच्यासाठीच आणलीय.

सण होऊन देवाला पहिली पेंढी वाहण्याचा दिवस गेल्याशिवाय नवीन दाणा आम्ही तोंडात घालत नाही. सण झालेला नाही. माझ्यामुळे.

"छान भाजलीय," झाकी म्हणाला. "तुझ्या बायकोला सांग. वल्हांडण झाला की खाईन."

आणि फडकं परत नीट गुंडाळून उशाशी ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. त्याला कळलं की नाही? सल्लामचं बोलणं त्याने ऐकलंच. हिशेब लहान मुलालाही येईल.

मी चहा दिला.

२ एप्रिल

त्याला सांगायला दोनदा जवळ बसले. पहिल्यांदा त्याला झोप लागली. दुसऱ्यांदा नर्स आली.

९ एप्रिल

चंद्र बघायला गच्चीवर गेले नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. दोन साक्षीदार लागतात. इतकी वर्षं मी आणि झाकी. आज भावजींनी आपल्या मुलाला नेलं. दिसला म्हणे. पहिला महिना.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी येऊन गेल्या. त्यांनी बोटाला चिमटा लावून आकडा बघितला, मग झाकीकडे, मग पुन्हा आकड्याकडे. कसे काय टिकलात, असं विचारायचं असावं. झाकीने त्यांना जवाबद्दल सांगायला सुरुवात केली. त्या घड्याळ बघत उभ्या राहून ऐकत होत्या.

१७ एप्रिल

जेवत नाही. पाणी चमच्याने. तिर्झा आलीय, माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. धणे आणलेत.

२३ एप्रिल

झाकी मेजाशी बसला. पाठीला उशा, एका बाजूने भावजींनी धरलेलं. रोटीचा तुकडा पाण्यात भिजवून, कडू भाजी बोटावर मावेल एवढी. पण बसला, आणि खाल्लं.

सगळे आत गेल्यावर मी सांगून टाकलं. सल्लामचं शेत पिकलेलं होतं. मी चुकले. आता मला कसल्याच साक्षीला उभं करू नका, माझी नजर कामाची नाही.

"शेताचं कळलं मला," तो म्हणाला. मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "अग नेमात, जव बोटांना कळतो. चंद्र नाही कळत. मला तो दिसेनासा होऊन सहा-सात वर्षं झाली. तू दिसला म्हणायचीस, मग मी दिसला म्हणायचो."

म्हणजे दुसरा साक्षीदार नव्हताच. एवढ्या वर्षांचे सगळ्यांचे सगळे सण — मी एकटी.

त्याने आणखी थोडी भाजी मागितली.