डबल बेल

१५ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्षात कुणी नवीन काही सुरू करतं का? पण माझं ऐकतो कोण! शंतनूने सकाळी त्याच्या इथल्या घरून गाडीने दोन तासांवर आणून सोडलं. सगळे चढउतार, मक्याची शेतं, चिटपाखरू नाही. गाडीच्या पाठीला बांधलेली ती लांबलचक, दोघांनी मिळून चालवायची सायकल. 'टँडम' म्हणतो. आठवडाभर आम्ही दोघांनी ती चालवायची, मुक्काम मोटेलात, आणि हा गाडीने मागे मागे. नोकरीतून रजा काढून पोरगा आईबापांना सायकलवर फिरवतो — कशासाठी? एवढं उगीच कुणी करत नाही, पोटचा असला तरी.

सीटा बघितल्या तर उलट. पुढची बुटकी, मागची उंच. जुलैत त्याने दोरी लावून माझ्या पायाचं माप घेतलं होतं, मला वाटलं सलवार शिवायला टाकतोय. एवढा इंजिनिअर, आणि शेवटी उलटंच बसवलं! हे म्हणाले, "पान्हा आण." पुढची वर केली, मागची खाली केली आणि पुढे बसले. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस मागे बसेल होय?

शंतनूचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, आपलं ठरलं होतं ना —"

"कोपऱ्यापर्यंत रे!"

काय ठरलं होतं? मला कुणी सांगितलं नाही.

माझ्या दांडीला घंटी आहे. "तू कंडक्टर. डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलायची नाही." दिली. टिंग टिंग! कोपरा केव्हाच मागे पडला. अकरा मैल झाले.

१६ सप्टेंबर

मांड्या भरून आल्यात. पण लिहायचं ते वेगळंच.

रस्त्यात पाटी आली की हे पुढून ओरडतात, "वाच बघू!"

"तुम्हीच वाचा की."

"मॅट्रिक कोण झालंय आपल्यात?"

हे नववीतून सुटले, मी मॅट्रिक. चाळीस वर्षांत माझ्या मॅट्रिकची यांना एकदा आठवण झाली नाही. आता प्रत्येक पाटीला होते! म्हणे इंग्रजी सुधारायला हवं, इथल्या लोकांत मिसळायला हवं. का? नोव्हेंबरचं परतीचं तिकीट आहे आमचं. मिसळायचं कशाला?

आणखी एक. हल्ली माझ्याकडे सरळ बघत नाहीत. बोलतात माझ्याशी आणि नजर माझ्या डाव्या कानाकडे. मनात काही लपवलेलं असलं की माणूस असाच बघतो.

गाडीच्या खणात जाडजूड पिवळं पाकीट दिसलं. मी रुमाल शोधत होते. शंतनूने झटकन खण बंद केला. "आई, तिथे काही नाही." काही नाही तर बंद का केलास? भोरच्या घराचे कागद असणार. तीन खोल्या, न्हाणीघर, दारची तुळस. बापलेकांनी विकायचा घाट घातलाय, आणि मला आधी गोडीगुलाबीने डोंगर दाखवतायत.

१७ सप्टेंबर, एकादशी

उपास. शेंगदाण्याचा लाडू, दोन केळी, चौदा मैल.

मोटेलात निरांजन लावलं तर छतावरचा धुराचा भोंगा ओरडतो. बाळकृष्णाला प्लॅस्टिकच्या पेल्यात अंघोळ घातली, नुसते हात जोडले.

वाटेत आमिश लोकांची घरं. हे लोक मोटार ठेवत नाहीत, घोड्याची बग्गी. बायका डोकं झाकून असतात. बरं वाटलं बघून. एका फाटकाशी टेबलावर टोमॅटो मांडलेले, शेजारी पत्र्याचा डबा. राखणीला कुणीच नाही! घ्या आणि डब्यात टाका. असा विश्वास कोण कुणावर टाकतं? डबा खिळ्याने ठोकलाय का तेही बघितलं. नव्हता.

चढावर हे गप्प. वरंधा घाटात एसटी चढवताना मोठमोठ्याने अभंग म्हणणारा माणूस हा.

१८ सप्टेंबर

देवाने राखलं आज.

लांबच लांब उतार. पुढे काळी बग्गी चाललेली, तिच्या पाठीला हा एवढा भगवा त्रिकोण, अर्ध्या मैलावरून दिसेल असा. आम्ही सुसाट. मला वाटलं, आता ब्रेक लावतील, मग लावतील.

"अहो, बग्गी!"

"कुठे?"

कुठे म्हणे! मी किंचाळले. शेवटच्या क्षणी यांनी दांडी फिरवली आणि सायकलीसकट आम्ही मक्यात. माझं कोपर सोललं. बग्गीतली बाई उतरून आली, काही न बोलता स्वतःच्या ॲप्रनच्या टोकाने माझं रक्त पुसलं. शंतनू धावत आला, पांढराफटक.

"ऊन आलं डोळ्यावर," हे म्हणाले.

ऊन? सकाळपासून आभाळ भरलेलं!

संध्याकाळी मी न्हाणीघरात. नळ सोडला आणि दाराला कान लावला. हो, लावला.

"बस झालं, बाबा. आईला सांगा, नाहीतर मी सांगतो."

"दोन दिवस दे. सपाट रस्त्याने जाईन."

"आज काय झालं असतं कळतंय का तुम्हाला?"

"हळू बोल. ती आत आहे."

म्हणजे झालाच व्यवहार. तुळशीला पाणी कोण घालत असेल आता?

१९ सप्टेंबर

आज मी मुद्दाम खोटं वाचलं.

रागच होता. रोज माझी परीक्षा घेतात, यांना तरी येतंय का वाचता बघू, म्हटलं. तिठ्यावर हिरवी पाटी. चार्म नावाचं गाव, बाण डावीकडे. "वाच," म्हणाले. मी म्हटलं, "चार्म, उजवीकडे."

"हं. दिसलं मला. उच्चार सुधारला बरं का तुझा!"

आणि वळले उजवीकडे.

मागून शंतनूचा हॉर्नवर हॉर्न. रस्ता एका गोठ्याशी संपला. चार गाई आमच्याकडे बघत उभ्या. "ह्यांच्या पाट्याच धड नाहीत," हे म्हणाले. मी हसणार होते, ओठांवर हसू आलंही होतं.

मग ती पाटी पुन्हा आठवली. गावाचं नाव वाचता येत नसेल. पण बाण? बाणाला इंग्रजी लागत नाही.

२० सप्टेंबर

कंबर धरली असं सांगून आज सायकल बंद ठेवली. कंबर ठीक आहे.

लग्नापासून न केलेली गोष्ट केली आज. देवा, मला क्षमा कर. आरशासमोर उभी राहिले आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. मग यांच्यासमोर जाऊन बसले, उजेडात, खिडकीकडे तोंड करून. एरवी कुंकू जरासं विस्कटलं तरी यांना चालत नाही.

यांनी माझ्या कानाकडे बघितलं.

"चहा करतेस?" म्हणाले.

कुंकू पुन्हा लावलं, ते ओल्या बोटाने पसरलं. चहात साखर घालायची राहिली. तसाच प्याले बिचारे.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

आमिश लोकांचं आज सगळं बंद. टोमॅटोचं टेबलही रिकामं. मोटेलच्या मागच्या बाकावर दोघंच बसलो. मी म्हटलं, "उद्या मी पुढे बसते."

यांनी मान वळवली, पुन्हा कानाकडेच.

"शंतनू बोलला?"

"बाण बोलला."

मग हळूहळू सांगितलं. मे महिन्यापासून. दोन्ही डोळ्यांत मधोमध धुकं, कडेचं तेवढं दिसतं. इंजेक्शनं घेतायत. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकलं तर टिकलं. मला वाटायचं, शंतनूबरोबर बँकेत जातात! पिवळं पाकीट डोळ्यांच्या डॉक्टरचं. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चालवत होते.

"आणि मी मागे बसलेले! त्या बग्गीखाली गेलो असतो तर?"

"चुकलं."

चाळीस वर्षांत हा शब्द यांच्या तोंडून ऐकला नव्हता. पुढचं भांडण तिथेच राहिलं.

"बत्तीस वर्षं गाडीला एक ओरखडा नाही गं. तुझ्यासमोर कशी सोडायची?"

"आणि भोरचं घर?"

"घराला काय झालं?"

काय सांगणार! म्हटलं, "काही नाही. माझ्या कानाकडे का बघता ते सांगा."

हसले जरा. "सरळ बघितलं की तू पुसली जातेस. कानाकडे बघितलं की चेहरा येतो. अंधुक, पण तुझाच."

मी कानातली कुडी उगीच फिरवत बसले.

या वहीत गेले सात दिवस काय काय लिहून बसले मी! पानं फाडणार नाही. पाठपोट लिहिलंय, मागचं जाईल.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

शंतनू पान्हा घेऊन आला. पुढची सीट खाली, मागची वर. दोन्ही आल्या पहिल्या दिवसाच्या खुणेवर. मी पुढे बसले. दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले. माप घ्यावं लागलं नाही, जुलैतच घेतलेलं होतं.

समोर नुसता चढ. घंटी आता यांच्या हाताशी, मी पायडलवर पाय ठेवून थांबले.

मग — टिंग टिंग!